गाळपेर

जिना चढताना श्रीपादच्या बुटातून गाळाचे एक ढेकूळ निसटून ओल्या पायरीवर पडले. मागून हाक आली नसती तर ते त्याच्या लक्षातही आले नसते. हाक नागुबाईची होती. नांदेडातल्या या चार मजली इमारतीचा जिना ती गेले सात महिने रोज सकाळी वरून खाली पुसत येई. रविवारचा मुक्काम मुखेडला करून सोमवारी पहिल्या गाडीने परतणारा श्रीपाद त्याच वेळी खालून वर चढत असे. दोघांची गाठ कोणत्या पायरीवर पडेल एवढाच काय तो दर आठवड्याचा फरक. त्याने मनात दिलगिरीचे एक वाक्य तयार केले, आणि जुन्या सवयीने त्याच्या जोडीला स्वतःच्या बचावाचेही एक. पण नागुबाईची तक्रार नव्हती. तिने ते ढेकूळ उचलून अंगठा आणि तर्जनीत चुरगाळले होते, आणि आता ती बोटे नाकाशी नेऊन उभी होती.

"ओ सर, थांबा की. ह्यो गाळ आमच्या तळ्यातला हाय."

"कशावरून?" श्रीपादने विचारले. बत्तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न श्वासासारखा येतो. त्यात अविश्वास असतोच असे नाही.

"कशावरून म्हंजे? तुम्ही तुमच्या लेकीला, मालविकाताईला कशावरून वळखता?" नागुबाई हसली. "बगा, काळी माती हाताला चिकटती. ही वरून काळी, आन् फोडली की आतून राखी. खाली चुनखड हाय आमच्याकडं. मुखेडच्या पुढलं तळं, डोंगराच्या अंगाचं. तितंच जाता का न्हाई तुम्ही दुर्बिन घिऊन?"

त्याने मान हलवली. तिने फडके बादलीत टाकले आणि कठड्याला टेकून, कुणी विचारले नसताना, सांगायला सुरुवात केली. साडेतीन एकर शेत तळ्याखाली गेले, तेव्हा ती लग्न होऊन नुकतीच आली होती. पण दिवाळी सरली की पाणी मागे हटू लागायचे आणि तळ्याच्या पोटातून गाळाची जमीन उघडी पडायची. ज्यांची शेते बुडाली त्यांनाच ती एका हंगामापुरती पट्ट्याने मिळे. गाळपेर म्हणत तिला. तिच्या वाट्याला जो पट्टा येई तो तिच्याच बुडालेल्या शेतावरचा.

"आमचंच शेत वर यायचं, सर. दरसाल. लेक माहेराला आल्यावानी. चार म्हैने ऱ्हायचं आन् पुन्ना पान्यात. हरबरा असा यायचा की खत नगं, काई नगं."

"मग?"

"मंग कुन्या पाखरवाल्यानं कागद केला. मानसं फिरली की पाखरं बिचकत्यात म्हनं. सायबानं पट्टे बंद केले आन् बोर्ड ठोकला. आता मालक हितं वाचमन हायेत आन् मी तुमचा जिना पुसून राहिले." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते श्रीपादला रागापेक्षा अवघड गेले. "बारा तारखेला सुनावनी हाय. पाखरवाल्यानं उभं ऱ्हाऊन सांगितलं की काई तरास न्हाई, तर पट्टे सुटतील म्हनत्यात. तुमच्या वळखीत हाय का वो त्यो मानूस?"

"बघतो," श्रीपाद म्हणाला आणि वर गेला.

'बघतो' हे असत्य नव्हते, असे त्याने लॅचला किल्ली लावता लावता स्वतःला बजावले. असत्य म्हणजे वस्तुस्थितीशी विसंगत असे विधान, आणि 'बघतो' हे विधानच नव्हे. दार लावून घेतल्यावर त्याने बूट काढले. टाचेच्या खोबणीत अजून गाळ होता. तो नखाने कोरून काढताना त्याला जाणवले की सव्वीस वर्षे आपण हा गाळ पायाला लावून घरी आणतो आहोत, आणि तो आतून राखी आहे हे आपल्याला आज कळले. त्याच्या वहीत गाळाची खोली होती, ओलाव्याची प्रत होती, कडेची लांबी होती. त्याचा रंग नव्हता, आणि तो कुणाचा होता हे तर नव्हतेच. टेबलाच्या खणात सुनावणीचे पत्र पडले होते. 'मूळ अहवालकर्ते म्हणून आपले म्हणणे मांडण्यासाठी उपस्थित राहावे.' ते येऊन नऊ दिवस झाले होते. त्याने ते दोनदा वाचले होते आणि दोन्ही वेळा त्यातल्या एका वाक्याची रचना सदोष आहे एवढेच मनात नोंदवले होते.

अहवाल सहा वर्षांपूर्वीचा. तो लिहायला त्याला एक उन्हाळा लागला होता. तळ्यावरच्या पक्ष्यांसाठी नेमलेल्या समितीतल्या इतरांनी कच्चे खर्डे दिले होते, भावनेने थबथबलेले, निसर्गाच्या हाकेपासून पुढच्या पिढ्यांपर्यंत सगळे कोंबलेले. त्याने ते सर्व बाजूला सारले आणि अठरा पानांत, एकही उद्गारचिन्ह न वापरता, एक इमारत उभी केली. प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यावर असे बसवले की मधली वीट काढू म्हणणाऱ्याला सगळेच पाडावे लागेल. शेवटचे वाक्य त्याला अजून पाठ होते: 'पाणकडेच्या दोनशे मीटरांच्या पट्ट्यातील मानवी वावर पूर्णतः थांबवल्याखेरीज या पाहुण्यांचे भवितव्य सुरक्षित नाही.' हे वाक्य सुचले त्या संध्याकाळी तो चंद्रप्रभाला ते वाचून दाखवायला स्वयंपाकघरात गेला होता. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली त्याची बायको भाकरी थापता थापता म्हणाली होती, "वाक्य चांगलं आहे. तिथं राहणाऱ्यांचं काय?" आणि त्याने शांतपणे, मुद्द्यांना क्रमांक देत, तिला समजावले होते की तिथे कुणी राहत नाही, तो जलाशयाचा तळ आहे, तळात कुणी राहत नसते. वादात तो जिंकला होता. चंद्रप्रभाने भाकरी उलटली होती आणि पुढे काही बोलली नव्हती. तिच्या या न बोलण्याला तो आयुष्यभर मान्यता समजत आला होता.

आज तिने जेवताना विषय काढला. जिन्यातले बोलणे दारातून आत ऐकू येते.

"सांगितलंत का नागुबाईंना?"

"काय सांगायचं?"

"तो पाखरवाला आत वरणभात खातोय म्हणून."

"मुद्दा तो नाही."

"तुमचा मुद्दा कधी तो नसतोच," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

मुद्दा कोणता होता? दुपारी झोप न लागल्याने त्याने जुन्या वह्या खाली काढल्या. हे पक्षी त्याच्या आयुष्यात कसे आले ते त्याला नीट आठवत होते, कारण त्याला नीट न आठवणारे काही फार थोडे होते. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, एका विद्यार्थ्याच्या गावी लग्नाला गेला असताना, जेवणाची पंगत लांबली म्हणून तो तळ्याकडे फिरायला गेला. पाणी हटून उघड्या पडलेल्या चिखलात त्याला काहीतरी हलताना दिसले. तळहाताएवढे राखी-तपकिरी जीव, शेकड्यांनी, ओल्या कडेवर धावत होते, थांबत होते, चोच खुपसत होते आणि पुन्हा धावत होते, जणू चिखलावर कुणी सुईने धावदोरा घालत आहे. त्यांना छोटा टिलवा म्हणतात हे पुढे कळले; ते ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशातून येतात हेही. ज्या माणसाने औरंगाबादच्या पलीकडे एकट्याने प्रवास केला नव्हता त्याला, वीस-पंचवीस ग्रॅमचा एक जीव सायबेरियातून मुखेड तालुक्याचा पत्ता शोधत येतो, या गोष्टीने जे झाले त्याला तो आजवर नाव देऊ शकला नव्हता. नाव देता येत नाही म्हणून तो मोजू लागला. थवा दहा-दहाच्या ठोकळ्यांत डोळ्यांनी कापायचा, ठोकळे मोजायचे, दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजायचे, आणि दोन आकड्यांत पाच टक्क्यांहून अधिक अंतर असेल तर पुन्हा पहिल्यापासून. कंठेरी चिखल्या वेगळे, तुतवार वेगळे, लांब चोचीचे पाणटिवळे वेगळे. रविवारी पहाटे त्या ओल्या कडेसमोर बसला की वर्गातली कुजबुज, विभागातली भांडणे, मुलीचे दूर पुण्याला निघून जाणे, हे सर्व दुर्बिणीच्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर राही. आत फक्त ती कड असे, पाण्याचीही नव्हे आणि जमिनीचीही नव्हे अशी.

बाराव्या वहीत, अहवालाच्या आदल्या हिवाळ्यातल्या एका पानावर, त्याला ती नोंद सापडली. पत्रकाचे रकाने त्यानेच आखले होते: जाती, संख्या, उड्डाण, व्यत्यय. शेवटच्या रकान्यात त्याच्या बारीक, सुबक अक्षरात होते: 'एक स्त्री, दोन बैल. ७.४० ते ९.१५.' आणि मग न लिहिलेलेही सगळे समोर आले. हिरवे लुगडे दुर्बिणीत शिरले तेव्हा तो चरफडला होता. ती औताच्या मागे चालत होती, अधूनमधून वाकून ढेकूळ फोडत होती, आणि ती चौकटीतून बाहेर जाण्याची वाट पाहत तो दीड तास दात आवळून बसला होता. थवा उडाला. 'उड्डाण: १' अशी खूण झाली. पण उडालेला थवा कुठे उतरला? तिच्या मागे दहा पावलांवर, औताने नुकत्याच उलथलेल्या ओल्या तासात. तिथे अळ्या वर आल्या होत्या आणि टिलवे बैलांच्या शेपटीमागून चालावे तसे चालत होते. त्याने ते पाहिले होते. डोळ्यांनी, स्पष्ट, तीसपट मोठे करून पाहिले होते. उतरण्याला पत्रकात रकाना नव्हता. दोन हिवाळ्यांत चौदा उड्डाणे, त्यांपैकी अकरा माणसामुळे किंवा जनावरामुळे; अहवालाच्या सहाव्या पानावरचा तक्ता एवढ्यावर उभा होता. ती स्त्री नागुबाईच होती असे नाही. तीस-चाळीस कुटुंबे तिथे गाळपेर करीत. संभाव्यता काढली तर ती तीन टक्क्यांच्या आसपास येईल, असा हिशेब त्याने मनाशी केला, आणि तो करणाऱ्या स्वतःची त्याला अचानक किळस आली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा तळ्यावर गेला. जाण्याची गरज नव्हती, ठरलेली मोजणी आदल्या रविवारीच पुरी झाली होती. पण सुनावणीपूर्वी एकदा खात्री करावी असे त्याने चंद्रप्रभाला सांगितले आणि तिने "कशाची?" असे विचारले नाही. मुखेडहून जीपने फाट्यापर्यंत, तिथून पायी. फलकावरची 'पक्षी संवर्धन क्षेत्र, प्रवेश निषिद्ध' ही अक्षरे उन्हाने फिकटली होती. धरणाच्या भिंतीवरून त्याने दुर्बीण लावली आणि गेली तीन वर्षे जे तो पाहत होता आणि पाहूनही लिहीत नव्हता ते पुन्हा पाहिले. कड उरली नव्हती. पट्टे बंद झाल्यावर पहिल्या वर्षी गवत आले, दुसऱ्या वर्षी लव्हाळा, आणि मग बेशरमीची झुडपे पाण्यात गुडघाभर उतरून उभी राहिली. जमीन संपते तिथे झुडूप आणि झुडूप संपते तिथे खोल पाणी. मधला उघडा, नांगरलेला, बैलांच्या खुरांनी कालवलेला चिखल, ज्यासाठी ते पाच हजार किलोमीटर उडून येत होते, तो नाहीसा झाला होता. अठराशे, मग नऊशे, मग साडेतीनशे. गेल्या वर्षीच्या टिपणात त्याने लिहिले होते, 'घट पर्जन्यमानातील चढउतारांशी संबंधित असावी.' असावी. या एका क्रियापदात तो वर्षभर राहिला होता.

"मोजून राहिलात का सर?"

मागे एक तिशीतला माणूस उभा होता, हातात काठी, खांद्यावर टॉवेल. तळ्याकाठच्या गावचा वैजनाथ, नागुबाईचा पुतण्या. श्रीपाद त्याला तोंडओळखीने जाणत होता. खाली, झुडपांच्या एका खिंडारातून, त्याच्या म्हशी पाण्यात उतरल्या होत्या.

"प्रवेश निषिद्ध आहे," श्रीपादच्या तोंडून निघून गेले.

"हाव, म्हशींना वाचता येत न्हाई," वैजनाथ म्हणाला. "मला येतं. तुमचा अहवाल वाचला सर. माहितीच्या अधिकारात काढला. लई साफ लिहिलंय बगा. वाचून मलाच वाटलं, आपन तळ्यात पाय ठिवायलाच नगं होता."

श्रीपाद दुर्बिणीची भिंगे रुमालाने पुसू लागला.

"काकूला सांगितलं न्हाई मी. तुमच्या जिन्यावर हाय ती. सांगितलं तर फडकं फेकून यील, आन् हितं येऊन खाईल काय?" त्याने काठीने खिंडाराकडे दाखवले. "ते सोडा. तितं लावा दुर्बिन."

श्रीपादने दुर्बीण वळवली. म्हशींनी तुडवून काढलेला, खोलीभर रुंदीचा चिखल. त्यात टिलवे. दोन कंठेरी चिखल्या. एक तुतवार, शेपूट हलवत, म्हशीच्या पोटाखालून पलीकडे गेला. त्याने डावीकडून मोजले, उजवीकडून मोजले. एकसष्ट, एकसष्ट. मग दुर्बीण संपूर्ण काठावरून सावकाश फिरवली, चार किलोमीटरचा काठ, झुडूप न् झुडूप. एकही नाही. इतका स्वच्छ निकाल त्याने बत्तीस वर्षांत कुठल्याही फळ्यावर काढून दाखवला नव्हता. एक म्हैस पाण्यातून वर आली, टिलवे उडाले, तिला वळसा घालून तिच्याच खुरांच्या खळग्यांत उतरले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते पक्ष्यांसाठी होते की स्वतःसाठी, याची शहानिशा त्याने केली नाही.

"बाराला बोलनार का सर?" वैजनाथने विचारले.

"जे आहे ते बोलेन."

"मंग झालं," वैजनाथ म्हणाला आणि म्हशींना हाळी दिली.

चार दिवस श्रीपादने एक वाक्य घडवले. पहिल्या दिवशी त्यात आठ शब्द होते, मग पाच, आणि बाराच्या सकाळी दाढी करताना तीनच उरले: माझी चूक झाली. आरशात पाहून त्याने ते एकदा ओठांनी म्हटले. ते निर्दोष वाक्य होते, त्यात काढण्यासारखे काही नव्हते. चंद्रप्रभाने इस्त्रीचा सदरा काढून ठेवला होता. "नीट बोला," एवढेच ती म्हणाली, आणि त्याला वाटले, पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच ही आपल्याकडे काही मागते आहे.

कार्यालयाच्या दालनात पंखे बंद होते आणि ट्यूबलाइट चालू होत्या. बाकांवर गावची वीसेक माणसे, बायका एका बाजूला. नागुबाईने त्याला पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. शेजारणीला कोपराने ढोसून तिने काही सांगितले. अधिकारी बाई तरुण होत्या, उज्वला मॅडम म्हणून सगळे त्यांना ओळखत. समोरचे कागद त्यांनी खरोखर वाचलेले होते. गावकऱ्यांचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग लिपिकाने पुकारले, "मूळ अहवालकर्ते, प्राध्यापक उमरीकर," आणि श्रीपाद उठला.

"बसूनच बोला सर," उज्वला मॅडम म्हणाल्या. "खरं सांगू? हा अहवाल आम्ही नवीन लोकांना नमुना म्हणून देतो. इतकं स्वच्छ मराठी आणि इतका पक्का युक्तिवाद आमच्या फायलींत दुसरा नाही. म्हणून सर, तुम्हीच मला एका वाक्यात सांगा. गाळपेरीमुळे पक्ष्यांना बाधा होते की नाही?"

तिन्ही शब्द जिभेवर होते. त्याच क्षणी त्याला तो अहवाल टेबलावर दिसला, निळ्या पुठ्ठ्यात, कोपरे हाताळून मऊ झालेले, जागोजाग समासात पेन्सिलच्या खुणा. कुणीतरी त्याचे वाक्य न् वाक्य वाचले होते. कुणीतरी शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली होती. हे आपण आयुष्यात केलेले एकच पूर्ण काम, असे त्याला वाटले, आणि लागोपाठ, कोठून कसा ते न कळता, त्याच्या मदतीला त्याचा सगळा विषय धावून आला. एकसष्ट पक्षी, एक दिवस, एक खिंडार. तुलनेसाठी दुसरा जलाशय नाही. पाऊस, मासेमारी, ध्रुवाकडची वीण, यांपैकी काहीही वेगळे काढलेले नाही. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य त्याने दर जूनमध्ये नव्या वर्गापुढे फळ्यावर लिहिले होते. मग आज ते विसरायचे? केवळ एक बाई समोर बसली आहे म्हणून? चौदा उड्डाणांवर चाळीस कुटुंबे उठवताना हे वाक्य कुठे होते, असा प्रश्न त्याच प्रवाहातून वर आला, त्याला स्पष्ट ऐकू आला, आणि त्याने तो पुढे जाऊ दिला.

"प्रश्न एका वाक्यात मावणारा नाही," तो म्हणाला. आवाज वर्गातला, स्थिर. "पक्ष्यांच्या संख्येत घट झाली आहे हे निर्विवाद. परंतु ती घट गाळपेर थांबवल्याच्या परिणामी झाली, की अन्य घटकांच्या एकत्रित प्रभावाने, हे उपलब्ध सामग्रीच्या आधारे निश्चितपणे सिद्ध करता येत नाही. मानवी वावर काही प्रमाणात अनुकूल ठरत असण्याची शक्यता नाकारता येत नाही; तथापि पूर्वीचे निष्कर्ष बदलण्याइतका पुरावा आज माझ्यापाशी नाही."

प्रत्येक शब्द खरा होता. वाक्ये संपली तेव्हा दालनात आदराची शांतता पसरली. उज्वला मॅडमनी मान डोलावली आणि लिपिकाला मजकूर सांगितला: सद्यःस्थिती कायम, आणखी दोन वर्षे शास्त्रीय अभ्यास, तो प्राध्यापक उमरीकरांनीच करावा अशी विनंती. "चालेल ना सर?" त्याने होकार दिला. पेन पुढे आले तेव्हा त्याने सहीपूर्वी मजकूर वाचून एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. बाकांवरची माणसे एकमेकांकडे पाहत उठू लागली. अहवालकर्ते म्हणजेच तो पाखरवाला आणि 'कायम' म्हणजे पट्टे बंदच, हे काहींना कळले होते, पुष्कळांना नव्हते. कामकाज संपले एवढे सर्वांना कळले होते.

बाहेरच्या व्हरांड्यात नागुबाईने त्याला गाठले. तिच्याबरोबर तीन-चार बायका होत्या आणि दोन पावलांवर वैजनाथ.

"सर, तुम्ही आलात! मला वाटलं नव्हतं बगा. मी हिला सांगितलं, हे आमच्या जिन्यावरले सर हायेत, लई शिकल्याले हायेत म्हनून." ती दम घ्यायला थांबली. "आमच्याच बाजूनं बोललात नव्हं?"

श्रीपादने वैजनाथकडे पाहिले. वैजनाथ त्याच्याकडेच पाहत होता. त्या पाहण्यात चीडसुद्धा नव्हती. बाजारात जनावराचे दात पाहून ते न घेता पुढे जाणारा माणूस पाहतो, तसे ते पाहणे होते.

"हो," श्रीपाद म्हणाला.

हे मात्र विधान होते.

"बोलले की काकू," वैजनाथ म्हणाला. "आपल्याला समजंल असं न्हाई बोलले, पर लई बोलले."

"त्यांचं बोलनं आपल्याला कुठं समजायचं रे," नागुबाई म्हणाली. "मोठ्या मानसाचं बोलनं मोठ्या मानसाला समजलं म्हंजे झालं. मॅडम कशी मान हलवत होती." ती श्रीपादकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला, काही मागताना येतो तसा. "सर, एक इचारू का? पानी आता सरत आलं असंल. पट्टे सुटले की लगेच पेराय लागतं, आठ दिस बी हयगय चालत न्हाई, गाळ सुकला की गेलं. मंग ह्या म्हैनाअखेरीला जिन्याचं काम सोडते म्हनून सांगून टाकू का? मालक म्हनत्यात थांब. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं."

व्हरांड्याबाहेर चहाच्या गाड्यावर कुणीतरी पेले विसळत होते. श्रीपादच्या मनात वाक्ये एकामागून एक उभी राहिली, मुद्देसूद, क्रमवार, आणि त्यांपैकी एकही या बाईला सांगता येण्याजोगे नव्हते. वैजनाथ मान वळवून रस्त्याकडे पाहू लागला होता.

"एवढ्यात सोडू नका," श्रीपाद म्हणाला.

नागुबाई क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला आणि खळखळून हसली. "का वो सर? तुमचा जिना कोन पुसंल म्हनून व्हय?"

बायका हसल्या. सगळ्या हसत होत्या आणि त्याच्याकडे पाहत होत्या, म्हणून श्रीपादही हसला.